आईचा न निघालेला फोटो

"डोळे मिटा आणि फोटो सांगा."

"कुठला फोटो?"

"जो तुमच्याकडे नाही तो."

शाळेच्या खेळाच्या खोलीत मी उंच उडीच्या गादीवर उताणी पडले होते. उशाशी लेझमांची टोपली, पायाशी फाटक्या व्हॉलीबॉलच्या जाळ्यांचा ढीग. मागे, मला दिसणार नाही अशा जागी, स्टुलावर मैथिली देवस्थळी बसलेली. आयुष्यभर मी पोरींना "पळा, उठा, आडव्या काय पडताय" म्हणून ओरडत आलेली खो-खोची बाई, आणि भर दुपारी स्वतःच आडवी पडून एका पुण्याच्या मुलीला गोष्ट सांगत होते. दार आतून लावलं होतं म्हणून बरं. कुणी बघितलं असतं तर गावभर झालं असतं की शेळकेबाईंना चक्कर आली.

मैथिली फोटोग्राफर होती, पण लग्नाबारशाची नव्हे. आधी ती मानसशास्त्र शिकली होती, मग तिनं कॅमेरा धरला. माणसाच्या आयुष्यातला एखादा प्रसंग, ज्याचा फोटो कधी निघालाच नाही किंवा हरवला, तो ती त्या माणसाच्या तोंडून ऐकायची. मग त्याच जागी जाऊन तो प्रसंग पुन्हा उभा करायची आणि त्याचा फोटो काढायची. तिचा एकच नियम होता. प्रसंगातल्या खऱ्या माणसानं स्वतःचं काम करायचं नाही, समोरच्याचं करायचं.

सांगलीत तिचं प्रदर्शन लागलं तेव्हा मी पोरींना घेऊन सहज गेले होते. तिथं एका हवालदाराचा फोटो होता. लहानपणी त्याला ज्या मास्तरीणबाईनं बाकावर उभं केलं होतं, तिचं काम त्यानं स्वतः केलेलं. मिशा तशाच, पातळ नेसलेलं, हातात पट्टी, आणि समोर बाकावर एक पोरगा. मी आधी पोट धरून हसले. मग हवालदाराचे डोळे बघितले आणि गप्पच झाले. शेजारी त्याची हकिगत टाईप करून लावली होती. त्यातलं खरं किती आणि रचलेलं किती, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"हे खरं का नाटक?" मी तिला तिथंच विचारलं.

"माणूस खरा, जागा खरी, प्रसंग मांडलेला," ती म्हणाली. "पण अंगाला काही गोष्टी आठवतात, ज्या डोक्याला आठवत नाहीत. त्या कॅमेऱ्यासमोर येतात कधी कधी. मी वाट बघते."

"माझ्या आईचा फोटो निघंल का?"

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि आठवड्याभरात माझ्या शाळेत आली.

तर गादीवर पडून मी सांगत होते. तासगावजवळ मामाचं गाव. रत्नामावशीचं लग्न. मी दुसरीत असेन. आईला माझ्या बापानं टाकलेली, म्हणून आम्ही मायलेकी मामाकडेच राहायचो. लग्नात आई पहाटेपासून चुलीपाशी होती. नवरानवरी जेवायला उठली आणि मांडवातल्या दोन लाल खुर्च्या मोकळ्या झाल्या. फोटोग्राफर तिथंच कॅमेरा पुसत बसलेला. मी धावत गेले आणि आईला हाताला धरून ओढत आणलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, माझा फ्रॉक खाली ओढला. आम्ही खुर्च्यांपाशी उभ्या राहिलो.

"आणि?"

"आणि फ्लॅश पडला. सगळं पांढरं झालं. कितीतरी वेळ डोळ्यांपुढं हिरवा ठिपका नाचत होता. मी तो ठिपका धरायला मांडवभर पळत होते."

"मग?"

"मग अल्बम आला, त्यात फोटो नव्हता. मामानं फाडला."

"फाडताना बघितलंत?"

"बघायला कशाला पाहिजे? फ्लॅश पडला की फोटो निघतो. अल्बम मामाकडे. टाकलेली बहीण अल्बमात कुणाला हवी होती?"

मागून काहीच आवाज नाही. मैथिलीची ही एक पद्धत होती. ती गप्प बसायची, आणि समोरच्याला ते सोसत नाही. मलाही सोसलं नाही. मी भडाभडा सांगत सुटले. आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. भिंतीवर लावायला घरात तिचा एकही फोटो नव्हता. त्या लग्नातल्या पंगतीच्या एका फोटोत वाढपी बायका आहेत, त्यात आईचा कोपर तेवढा आलाय. हातात भाताचं भगुणं आणि कोपर. दहाव्याला मी मामाला सगळ्यांदेखत म्हणाले, माझ्या आईचा फोटो द्या. तो म्हणाला, असला तर देईन ना. मी म्हणाले, फाडलात तुम्ही. त्यानंतर मी त्याच्या घराची पायरी चढले नाही.

"मला तो फोटो पाहिजे," मी गादीवर उठून बसले. "खोटा तर खोटा. पण मी आणि आई एका फोटोत पाहिजे."

"मिळेल," मैथिली म्हणाली. "फक्त त्यात तुम्ही लहानगी वैजू नसाल. तुम्ही आई असाल."

मला वाटलं होतं, कुणीतरी नाटकातली बाई आणतील आणि मी शेजारी उभी राहीन. मी आई! रात्रभर मला झोप नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी मी दुसऱ्याच दिवशी सांगलीच्या पेठेत जाऊन आईच्या लुगड्यासारखं मोरपंखी लुगडं शोधत फिरले. चौथ्या दुकानात मिळालं. घरी नेसून आरशासमोर उभी राहिले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली आणि हसू आलं. त्या लग्नात आई तिशीची होती. मी पंचेचाळीस. आईपेक्षा मी थोराड झाले होते.

वैजूचं काम करायला माझ्या संघातली पायल घेतली. अंगानं काटकुळी, धावायला वारा, आणि तोंडाची टकळी कधी बंद नाही.

"आणि मामा?" मी मैथिलीला विचारलं. "त्यांना कशाला आणायचं? जागा दिली म्हणजे झालं."

"मामा फोटोग्राफरचं काम करतील."

"ते यायचे नाहीत."

"विचारून तर बघा."

इतक्या वर्षांनी मी मामाच्या घरी फोन लावला. त्यानंच उचलला.

"मामा, वैजू बोलते."

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कुणी न्हाई गेलं. फोटो काढायचाय."

मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता फोन आपटणार. पण म्हातारा म्हणाला, "मांडव हुता तिथं आता बेदाण्याचं शेड हाय. चालंल का?"

"चालंल."

"मग ये." आणि फोन ठेवला.

आम्ही गेलो तेव्हा द्राक्षांचा हंगाम भरात होता. शेडमध्ये जाळ्यांचे थरावर थर आणि त्यांवर हिरवी-पिवळी होत आलेली द्राक्षं पसरलेली. आंबटगोड वास नाकात बसला होता. मधली मोकळी जागा मैथिलीनं झाडून घेतली होती. एका मंडपवाल्याकडून दोन जुन्या लाल खुर्च्या आणल्या होत्या. हिरव्या नेटमधून ऊन येत होतं आणि सगळं बघून माझ्या छातीत धडधडत होतं. पोरींची फायनल असते तेव्हा होतं तसं.

"बाई, ह्या द्राक्षातलं एक खाऊ?" पायल.

"हात लावशील तर बघ. उभी राहा तिथं."

मामा घरातून आला. पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी, हातात काठी. फार वाळला होता. माझ्याकडे येताना तो मधेच थांबला. तोंडाकडे नाही, लुगड्याकडे बघत राहिला.

"अनसीगत दिसतीस," तो आईचं नाव घेऊन म्हणाला. "जरा जाड."

इतकी वर्षं अबोला आणि समोरासमोर पहिलं वाक्य हे! मला हसावं का भांडावं कळेना. मी म्हणाले, "चुलीपाशी राबले असते तर बारीक राहिले असते." मामानं मान खाली घातली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मैथिलीनं आपला कॅमेरा स्टँडवर लांब मागे लावला होता, म्हणजे तिच्या फोटोत पाठमोरा फोटोग्राफर आणि समोर आम्ही दोघी, असं सगळं येणार. मामाच्या हातात तिनं त्या काळातला एक जुना कॅमेरा दिला. वर फ्लॅशची मोठी डबी.

"यात खरा रोल आहे," ती म्हणाली. "यातून बघायचं आणि हा वरचा खटका दाबायचा. टक् असा आवाज होईल, फ्लॅश आपोआप पडेल. बाकी तुम्हाला आठवतं तसं करा. तो फोटोग्राफर कसा उभा होता, काय बोलला, तसं."

"मला काय आठवतंय," मामा पुटपुटला. पण कॅमेरा त्यानं नीट गळ्यात घातला. काठी जाळीला टेकवली. मग आपोआप एक पाय पुढं टाकून, कमरेत जरासा वाकून उभा राहिला. म्हाताऱ्याचं अंग बदललं. मैथिली मागे सरकली.

मी पायलला जवळ घेतलं. पदरानं तोंड पुसलं. तिचा फ्रॉक खाली ओढला. माझा हात तिच्या खांद्यावर गेला आणि तिथंच घट्ट बसला. पोरीचं हाड हाताला लागत होतं. मला माझा खांदा आठवला, त्यावरचा आईचा हात, पिठाचा वास. मी एकाच वेळी वरही होते आणि खालीही.

"बाई, हसू का?"

"गप उभी राहा."

"हां, हिकडं बघा," मामा म्हणाला. आवाजही निराळा होता, कुणा दुसऱ्याचा. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. मग खाली घेतला. मान वळवून मागं, शेडच्या खांबाकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. पुन्हा कॅमेरा लावला.

फ्लॅश पडला. सगळं पांढरं झालं.

आणि माझ्या तोंडातून शब्द आले. मी ठरवले नव्हते, मैथिलीला सांगितले नव्हते, मला ठाऊकही नव्हते. मी मामाच्या डोक्यावरून खांबाकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "आणखी एक घ्या की! पोरगी हसली न्हाई."

मामानं कॅमेरा एकदम खाली घेतला. त्याचा चेहरा उतरला होता.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"अनसी हेच बोलली हुती. ह्याच बोलात."

खरंच बोलली होती. आत्ता मला ऐकू येत होतं, वरून, माझ्या डोक्यावरून आलेला आईचा आवाज. खणखणीत. चुलीपाशी कधीच नसायचा तसा. आणि दुसऱ्यांदा फ्लॅश पडला होता! मी हसले होते! इतकी वर्षं मी एकच धरून बसले होते, पण ते दोन होते. "दोन फोटो निघाले होते," मी ओरडलेच. "मामा, दोन! दोन्ही फाडलेत?"

"मामा," मैथिली हळूच म्हणाली, "खटक्याचा आवाज झाला नाही."

मामा तिच्याकडे बघू लागला.

"तुम्ही वरचा खटका दाबलाच नाहीत. फ्लॅशच्या मागं एक बारीक बटण असतं. ते दाबलं की नुसता फ्लॅश पडतो, फोटो निघत नाही. तुम्ही ते दाबलंत. ते मी तुम्हाला दाखवलं नव्हतं."

मामा हातातल्या फ्लॅशकडे बघत राहिला.

"आणि दाबायच्या आधी तिकडे कुणाकडे बघितलंत?"

मैथिली तिच्या पद्धतीनं गप्प राहिली. शेडबाहेर एक ट्रॅक्टर गेला.

"माझ्याकडं," मामा म्हणाला. "मी तिथं हुतो. तवा तिथं सोप्याचं दार हुतं, त्या दारात."

तो जागेवरच एका पालथ्या क्रेटवर बसला. मग खालमानेनं सांगत गेला. तेव्हा रोल महाग, पाहुणे ढीगभर, आणि ज्याला त्याला फोटो पाहिजे. नाही म्हटलं तर रुसवेफुगवे. म्हणून फोटोग्राफरची आणि यजमानाची आधीच बोली व्हायची. यजमानानं मान हलवली की खरा फोटो. नाही हलवली की नुसता फ्लॅश. उजेड पडला की माणूस खूश होऊन पंगतीला जायचा. पुढं अल्बमात दिसला नाही तर निघाला नसंल, डोळे मिटले असतील, म्हणून वेळ मारून न्यायची. सगळीकडे असंच चालायचं.

"आमच्या येळंला त्यानं बघितलं, आन् तुम्ही मान हलवली न्हाई," मी म्हणाले.

"रोल संपत आलता. नवऱ्याकडची मंडळी ऱ्हायली हुती."

मैथिली वाट बघत उभी राहिली.

"रोल हुता," मामा थोड्या वेळानं म्हणाला. "चार-पाच फोटो तरी हुतं. सोयऱ्यांनी अल्बम बघून इचारलं असतं, ही कोण, हिचा नवरा कुठाय. म्हणून न्हाई हलवली."

माझ्या हाताशी ती लाल खुर्ची होती. उचलून त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं. इतकी वर्षं मी एका फाडलेल्या फोटोसाठी रडले होते आणि फाडायला काही नव्हतंच. कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या माळ्यावर कधीतरी सापडेल, अशी मनात आशा होती, तीही गेली. फोटो फाडणारा मामा परवडला असता. निदान फोटो निघाला तरी असता.

मग मी मान वर केली आणि तो खांब बघितला.

माझ्या जागेवरून तो सरळ दिसत होता. कॅमेऱ्याच्या किंचित डावीकडे, फोटोग्राफरच्या खांद्यावरून. पायलच्या उंचीवरून फक्त कॅमेरा दिसला असता. मोठ्या माणसाला दार दिसणार, दारातला माणूस दिसणार.

"मामा, आईनं बघितलं?"

त्यानं मान हलवली. "बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी गप ऱ्हायलो, आन् अनसी माझ्याकडं बघत हुती. उजेड पडला. तरी माझ्यावरची नजर काढली न्हाई तिनं. तशीच बघत म्हणाली, आणखी एक घ्या. म्या मान खाली घातली. त्यानं पुन्यांदा उजेड पाडला. तू हसलीस." त्यानं टोपी काढून तोंड पुसलं. "दोन दिस माझ्याशी बोलली न्हाई. मग बोलली. पर ह्या गोष्टीचं कवाच न्हाई."

आता मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आला तो आनंद, आणि इतका की शेडमध्ये मावेना. माझी आई! चुलीपाशी खालमानेनं बसणारी, कुणापुढं चकार शब्द न काढणारी, पंगतीच्या फोटोत नुसता कोपर उरलेली माझी आई! कॅमेऱ्यात आपल्यासाठी काही नाही हे तिला कळलं होतं. तिला मला तिथून ओढून नेता आलं असतं, रडता आलं असतं. ती भावाच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाली, आणखी एक. त्यांच्या लबाडीच्या उजेडात तिनं मला दोनदा उभं केलं, कारण पहिल्या वेळी मी हसले नव्हते. मैथिलीचा हात धरून मी गरागरा फिरावं असं वाटत होतं. मी खरंच एक उडी मारली. लुगड्यात पाय अडकला.

"बाई, पडाल!" पायल ओरडली.

"न्हाई पडत!"

मैथिली तिच्या कॅमेऱ्यामागे गेली होती. "जागा सोडू नका," ती तिथून म्हणाली. "कुणीच सोडू नका. मामा, तुम्हीपण."

मामा उठला. कॅमेरा गळ्यात लोंबत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदा तोंडाकडे.

"वैजू," तो म्हणाला, "तुला मागायला मला तोंड न्हाई, पर..."

"मला काय मागू नका," मी म्हणाले. "ह्यांचा नियम हाय. आज मी वैजू न्हाई. जिला मागायचं तिला मागा."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं लुगड्याकडे बघितलं, माझ्या खांद्यावरच्या पदराकडे, पायलच्या खांद्यावरच्या माझ्या हाताकडे.

"अनसे," तो म्हणाला. "अनसे, चुकलं माझं."

मामासाठी मी किती शिव्या जमवून ठेवल्या होत्या! सगळ्या जिभेवर होत्या. एकही आली नाही. मी त्याच्याकडे बघितलं, आईनं त्या दिवशी बघितलं असेल तसं, आणि पुन्हा माझं तोंड माझ्या ताब्यात राहिलं नाही.

"मला तवाच ठावं हुतं, दादा," मी म्हणाले. "पोरीला तेवढं सांगू नको."

मामा तोंडावर टोपी दाबून रडायला लागला. रडता रडताच त्यानं कॅमेरा वर उचलला आणि डोळ्याला लावला.

पायलनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "काय सांगायचं न्हाई?"

मी तिचं नाक पुसलं, केस कानामागं सारले.

"काय न्हाई गं," मी म्हणाले. "तू म्होरं बघ आन् हस."